कोर्स राहिला तो माझ्यामुळे

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार
आज घरात आलं — काळे तीळ पाव किलो, ६५. पत्रावळी पंचवीस, ७५. आमच्या लेकीचं, यामिनीचं जीवरसायनाचं जुनं पुस्तक, ३५०.

यामिनी इथं दाताची डॉक्टर झाली, पण आपली बीडीएस कॅनडात चालत नाही म्हणे. तिथल्या डेंटल कॉलेजात परत दोन वर्षं काढायची, मग दवाखाना. त्या अ‍ॅडमिशनसाठी कॉलेजनंच एक ऑनलाइन कोर्स सुचवलाय. सक्ती नाही, केला तर बरं.

मी म्हटलं, करायचाच! पोथीत ‘यथाशक्ती’ लिहिलं असतं म्हणून कोणी नैवेद्य गाळतं काय?

पण नाव आत्ता नाही नोंदवायचं. पितृपक्ष लागलाय. तीस तारखेपर्यंत मुदत आहे — काहून घाई करून राहिली?

१५ सप्टेंबर
सासूबाईंचं पान वाढलं. यामिनी परत विचारत होती. घटस्थापनेला, म्हटलं.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसवले. अकरा वाजता यामिनीनं फॉर्म उघडला. जागा शुक्रवारीच भरल्या!

हे म्हणाले, “चलो, हो गया सो हो गया.” काय हो गया! यामिनी जेवली नाही.

२३ सप्टेंबर
नर्मदेवर, ग्वारीघाटावर जाऊन गुरुजींना विचारलं. हसले. “काकू, पंधरवड्यात पाठशाळा बंद असते काय? शिकायला कुठला आला दोष?”

म्हणजे शास्त्रानं अडवलंच नव्हतं. मी अडवलं.

२५ सप्टेंबर
यामिनी म्हणते, यंदा अर्जच करत नाही. “तूच म्हणाली ना, करायचाच! आता पुढच्या वर्षी, कोर्स करून.”

नाही चालणार. माझ्या चुकीपायी पोरीचं वर्ष जाऊ द्यायचं नाही. तिच्या सीनियर सुमेधाला फोन लावायला लावला. ती त्याच कॉलेजात शिकून राहिली.

“काकू, मैंने तो नहीं किया था, फिर भी हो गया. माझ्या वर्गातल्या अमेयनं केला, त्याचं नाही झालं.”

“मग फायदा होतो की नाही, ते सांग ना.”

“किसी को नहीं पता, काकू!”

अच्छा! मला एवढं पुरे. कोणालाच माहीत नाही, तर घरी बसून आम्हाला कुठून कळणार? अर्ज करायचा.

२८ सप्टेंबर
नर्मदेत दिवा सोडला. काही मागितलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
अर्ज गेला! मी शेजारीच बसून होते. एका रकान्यात विचारलं होतं — सुचवलेला कोर्स केला नसल्यास कारण. तिनं लिहिलं, वेळ मिळाला नाही.

“खोटं काहून लिहिलं?”

“मग काय लिहू, आई? पितर बीच में आ गए?”

दोघींनाही हसू फुटलं. किती दिवसांनी! मग मात्र मला भाकर गेली नाही. बिचाऱ्या पितरांचा काय दोष?

१३ ऑक्टोबर
यामिनीला सांगितलं नाही. मी लिहिलं, ह्यांनी इंग्रजी केलं, कॉलेजच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं टाकलं —

“मुलीजवळ वेळ होता, इच्छाही होती. मी, तिच्या आईनं, तिला थांबवलं. माझी समजूत चुकली. वेळ नव्हता असं तिनं लिहिलं ते मला झाकायला. त्या खोट्यासाठी नाही म्हणायचं तर म्हणा, पण कोर्ससाठी म्हणू नका. काय ठरलं ते उलट टपाली कळवावे.”