गटाराची झाकणं

मंगळवार संध्याकाळ, घाटकोपर

आज कांजूरमार्गजवळच्या हायवेची मीटिंग. डिझाइन आमच्या मेघनाचं, आणि दुरुस्तीचा कंत्राटदार मी, तिचा बाप! रस्ते खात्याचे साहेब म्हणाले, "गटारावर सलग स्लॅब टाका. झाकणं नकोत, स्वस्त पडेल."

मेघना म्हणाली, "मग गाळ काढायला दर उन्हाळ्यात स्लॅब फोडायचा, सर? पुढचा खर्चही धरा ना. बाबांनाच विचारा, तेच फोडतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या फोडण्यावरच तर माझं घर चालतं.

म्हटलं, "पोरगी खरं बोलतेय."

झाकणं मंजूर!

बाहेर येऊन म्हणते, "बाबा, तुमच्या धंद्याची वाट लावली ना मी?"

"लावलीस. झकास लावलीस!"

झाकणं उघडून गाळ काढायलाही माणूस लागेलच ना? उद्या चौकशी करतो.