चावी माझ्या खिशात

रविवार, ३ मे

जिंकले! गवत कापायच्या यंत्राची चावी आजपासून माझ्या खिशात.

मी बोलते, सूनबाई लिहिते. मला अक्षर येत नाही, पण जीभ आहे, तेवढी पुरते. (हसू नकोस, लिही.)

झालं असं. लेक सकाळी चपला घालून निघाला गवत कापायला. मी दारात काठी आडवी धरली.

"बूट!"

"अगं आई, दहा मिनिटांचं काम."

"बोटं जायला दहा मिनिटं लागत नाहीत. बाबांना विचार."

ह्यांनी खुर्चीतूनच डावा हात वर केला. दोन बोटं कमी. तीस वर्षांपूर्वी पात्यात अडकलेलं गवत काढायला गेले होते, तेही यंत्र बंद करून! बंद केलं तरी पातं गरगरत राहतं, हे ह्यांना कळलं, पण जरा महागात.

"सगळं यंत्राच्या पुस्तकात लिहिलंय गं."

"मग पुस्तकालाच दगड वेचायला पाठव."

लेक गेला आणि कारखान्यातले जाडजूड बूट घालून आला. चावीशिवाय हे बॅटरीचं यंत्र म्हणजे नुसतं डबडं. आधी मी गवतातून फिरून दगड वेचणार, मगच चावी मिळणार. ठरलं!

रविवार, १० मे

पाऊण तास फिरले. अकरा दगड, एक वाकडी तार, एक चमचा, कुत्र्याने पुरलेलं हाड. सगळं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात.

"साहेब, परवानगी?" लेकाने कपाळाला हात लावून सलाम ठोकला. करू दे थट्टा.

शनिवार, १६ मे

शेजारचे निवृत्त ड्रायव्हर कुंपणावरून म्हणाले, "आजी, आमचंही अंगण एकदा बघता का?" म्हटलं, बघू, वेळ झाला तर. मान काही आज खाली येत नाही.

रविवार, १७ मे

रात्रीच्या पावसाने माती मऊ. काठी जागोजागी रुतत होती, ओढून काढत फिरले. चार दगड. चावी दिली.

चिमणी, चार वर्षांची नात, बाहेर यायला रडत होती. सूनबाई म्हणाली, "आई, पायरीवर तरी बसू द्या." नाही म्हणजे नाही! यंत्र चालू असेपर्यंत पोर घरात. (लिही, तूच म्हणालीस.)

अर्धं अंगण झालं आणि — ठण्ण! पात्याखालून काहीतरी उडालं, लेकाच्या बुटावर आपटलं आणि उसळून थेट पायरीवर जाऊन पडलं. बुटाला खळगा. पायरी रिकामी.

लेक पांढराफटक. यंत्र बंद केलं, चावी काढली, पातं थांबेपर्यंत वीस आकडे मोजले — मी न सांगता! मग म्हणाला, "आई, तू होतीस म्हणून." त्याने तो लोखंडी तुकडा डब्यात टाकला. मी जेवताना दोन घास जास्तच खाल्ले.

सोमवार, १८ मे

काठीचा आवाज बदललाय. फरशीवर टक-टक वाजायची, आता नुसतं ठप-ठप.

मंगळवार, १९ मे

डबा उघडला. तो तुकडा काठीच्या टोकाला लावून पाहिला. चेपलाय, पण बसतो.

माझ्याच काठीचं टोपण! मातीत रुतून राहिलं. जगाचे दगड वेचत फिरले आणि माझं लोखंड मागे टाकत गेले.

थांबलीस का, सूनबाई? लिही. लेकाला सांगू नकोस म्हणणार होते. पण मग रविवारी चावी कुठल्या तोंडाने ठेवून घेऊ? मीच सांगते. जेवताना.

बुधवार, २० मे

काल सांगितलं. चावी काढून टेबलावर ठेवली मी. कुणी हात लावला नाही. हे म्हणाले, "माझी बोटं गेली तेव्हा मी आठवडाभर यंत्रालाच शिव्या घालत होतो. तू निदान खरं बोललीस." मी म्हटलं, जेवा गुपचूप.

रविवार, २४ मे

सकाळी गाऊनच्या खिशात हात घातला — चावी! काठीला नवीकोरी रबरी टोपी, वर घट्ट तार गुंडाळलेली. पाऊण तास फिरले. बूट घालून लेक आला, पण हात काही पुढे करेना.

"आई, झालं फिरून? आता काठी दाखव."

उलटी करून दाखवली!