मीपबाईंची बरणी

८ मार्च
आलो एकदाचे! आइंडहोवन शहरातल्या खुराड्यातून सुटका झाली. हे डच गाव एवढंसं: एक चर्च, एक बेकरी, नांगरलेली शेतं, डुकरांचे लांबलचक गोठे. आशुतोष रोज सायकलने ऑफिसला जाणार म्हणे. बघू किती टिकतं. दिसेल तो ‘होई’ म्हणतो, निघताना ‘हाउडू’. कुणाच्याच खिडकीला पडदा नाही. शेतांवर डुकरांच्या विष्ठेचं पातळ खत फवारलंय, त्यामुळे चहा नाक दाबून प्यायले. शेजारच्या मीपबाई आल्या, गालांवर तीन ओले मुके घेतले आणि बरणी दिली. आत करडी, थरथरती जेली, तिच्यात मांसाचे धागे. मी शाकाहारी. आशुतोषने पावाला लावून चाटूनपुसून संपवली.

१५ मार्च
मीपबाई दुसरी बरणी घेऊन हजर. हात मिळवला तर तळवा भाजून सोललेल्या वांग्यासारखा गिळगिळीत. माझ्या बोटांचे खड्डे त्यात तसेच राहिले. त्यांनी हसत हसत चोळून बुजवले. मी साबणाने हात धुतले, मग पुन्हा धुतले. आशुतोष म्हणाला, म्हातारपणी सूज येते अशी. पण बेकरीवाला तर तरुण आहे. त्याने दिलेल्या पावावर त्याच्या अंगठ्याचा तुपकट ठसा होता. पाव कचऱ्यात टाकला.

२४ मार्च
आशुतोषच्या चादरीवर पिवळा, चिकट थर. त्याची पाठ पुसायला गेले तर टॉवेलबरोबर लोण्यासारखं काहीतरी निघून आलं. वास त्या जेलीचाच. मी बेसिनकडे धावले, ओकले. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाला, छान हलकं वाटतंय गं. वरण-भाताला शिवत नाही. जेलीच मागतो.

२९ मार्च
सकाळी तो मीपबाईंबरोबर चर्चमागच्या हॉलमध्ये गेला. मी मागोमाग गेले. खिडकीतून दिसलं: बाकांवर गावकरी उघडे, पालथे पडलेले. बायका लाकडी चमच्यांनी त्यांच्या पाठी खरवडतायत. खरवडलेलं पातेल्यात. आणि पातेल्यातून बरण्या —
शेवटच्या बाकावर माझा नवरा.
आत घुसले, दंड धरून त्याला ओढला. दंडाचा लगदा माझ्या मुठीत आला. रक्त नाही. तो हसला.
“हिमानी, दुखत नाही गं. तूही ये ना.”

३० मार्च
सगळी रात्र हात घासले. पोटात पाणीही ठरत नाही. त्याला ओढून आणायची हिंमत नाही — शिवायचीच किळस येते. माझ्या नवऱ्याला.
बॅग भरली. रविवारी बस नाही. सायकल काढली, तर फाटकाशी अख्खं गाव उभं. आत कुणी येत नाही. नुसते बघतात, नव्या सुनेकडे बघावं तसे.

दुपार
मीपबाई उंबऱ्यावर बरणी ठेवून गेल्या. आशुतोषची आहे म्हणाल्या. कोमट आहे अजून.
फेकायला म्हणून आत आणली. फेकणारच आहे. झाकण घट्ट, तरी वास —
शी. तोंडाला पाणी सुटलंय.
झाकण मी उघडलं नाही. मी नाही —
हातात हा चमचा कधी