एकाच साच्याची दोन नाणी

१२ जानेवारी

चि. छोट्यास, ताईचे भरभरून आशीर्वाद.

गुडघा कसा आहे? लिफ्ट दुरुस्त करणारा माझा भाऊ जिने चढून लंगडा झाला, असं सांगून मी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर सगळ्यांना हसवते. रागावू नकोस.

बाबांना जाऊन दहा महिने झाले. काल त्यांचं कपाट आवरायला घेतलं. टांकसाळीतून निवृत्त होताना त्यांनी विकत घेतलेली चांदीची दोन नाणी सापडली. साचा एक, पाडल्याचा दिवसही एकच. एक पारदर्शक डबीत सीलबंद, वर ‘पहिल्या दिवसाचे नाणे’ असं लेबल. दुसरं उघडं, ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचं. नाण्यांच्या व्यापाऱ्याला दाखवली, तर म्हणाला, डबीतल्याला सहापट किंमत येईल. का, तर लेबल आहे ना! माझ्याकडेही एकच गोळी दोन खोक्यांतून येते आणि लोक महागडं खोकं मागतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

डबीतलं तू घे. परदेशात अडीअडचणीला उपयोगी पडेल. आई रोज विचारते, छोट्या कधी येणार.

माया आहेच, पत्राला उशीर करून ती पारखू नकोस.
तुझी ताई

३ फेब्रुवारी

ती. ताईस, वाकून नमस्कार.

इथे नाणी विकणाऱ्या एक बाई आहेत. मुद्दाम विचारून आलो. डबीतून बाहेर काढलं, तर कोणतं पहिल्या दिवसाचं हे भिंग लावूनही सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. लोक लेबल विकत घेतात, नाणं त्याच्यासोबत येतं. तरी सहापट ती सहापट. तुला घराला रंग द्यायचा आहे, तेव्हा डबीतलं तूच ठेव. मला ते उघडं पाठव. मला काय, कुठलंही चालेल.

आईला सांग, काम जरा कमी झालं की येतो.

तुमच्या मायेचा भुकेला,
छोट्या

२६ फेब्रुवारी

चि. छोट्यास, आशीर्वाद.

तुला कुठलंही चालत नाही, हे मला न कळायला मी काय आज जन्मले? बाबा पेपर वाचताना ते नाणं अंगठ्याखाली फिरवत बसायचे. एका बाजूची कड गुळगुळीत झाली आहे. तुला ती हवी आहे. मलाही हवी आहे. सध्या ते माझ्या एप्रनच्या खिशात असतं.

एक लिहिते, लागलं तर लागू दे. शेवटचे तीन आठवडे त्यांच्या उशाशी मी होते. तुला रजा मिळाली नाही, मान्य. पण ते दाराकडे बघायचे, ते मी पाहिलंय.

ताई

२० मार्च

ती. ताईस, नमस्कार.

दोन्ही नाणी तूच ठेव.

मला रजा मिळाली नाही, हे खोटं होतं. मी मागितलीच नव्हती. तुझा फोन आला तेव्हा आठव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभा होतो. फोन ठेवला आणि तारा तपासत राहिलो. त्यांना अंथरुणाला खिळलेलं बघायची छाती झाली नाही. नंतर तर तोंड दाखवायचीच लाज वाटू लागली. आता संध्याकाळी खोलीवर येतो, तेव्हा कुणी पेपरचं पान उलटल्यासारखं वाटतं आणि मी उगाच मागे वळून बघतो.

राग आला तर लिहू नकोस. पण आईला माझा नमस्कार सांग.
छोट्या

९ एप्रिल

चि. छोट्यास, अनेक आशीर्वाद.

राग आला. आठवडाभर तुझं पत्र डब्यात कोंबून ठेवलं. मग आईला वाचून दाखवलं. तिने दोन्ही नाणी मागितली. उघडं नाणं तिने बाजूला ठेवलं, डबी मात्र डोळ्यांशी नेली आणि लेबलावरून नख फिरवत राहिली. म्हणाली, नाणं मशीननं पाडलं. तुझे बाबा एकतीस वर्षं पॅकिंगच्या टेबलावर होते, त्यांच्या हातचं आहे ते हे. ही डबी त्यांनी नोकरीच्या शेवटच्या दिवशी स्वतः बंद केली. लेबल तिरकं लागलंय बघ, डोळे भरले होते म्हणून.

छोट्या, खरंच तिरकं आहे. आपण दोघं ही डबी किमतीची म्हणून एकमेकांच्या गळ्यात मारत होतो. मी ती इतकी हाताळली, पण मला दिसलं नाही.

उघडं माझं, डबी तुझी, असं आईने ठरवलंय. पोस्टाने पाठवायला मात्र ती तयार नाही. ज्याला हवी त्याने यावं, म्हणते. तू रजा मागितली नव्हतीस, यावर ती एवढंच म्हणाली की लहानपणीही तो दुखलं की लपून बसायचा.

वाट बघणारी,
ताई

२ मे

ती. ताईस आणि ती. आईस, दोघींच्या पायांशी नमस्कार.

काल मुकादमाकडे गेलो. घरी जायचंय, महिनाभर, एवढंच बोललो. त्याने मान वर न करता सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. चौदा जूनला सकाळी पोचतो.

कागद घेऊन बराच वेळ बाहेर पायरीवर बसलो होतो, ताई. रजा मागायला एवढाच वेळ लागतो.

येतोय,
छोट्या