बिडीचा आळ माझ्यावर येऊ नये म्हणून

मी, मृत्युंजय वैजिनाथ कोरे, वय चोवीस, राहणार घाटनांदूर, सध्या चौसाळ्याजवळच्या सूर्यफूल तेलाच्या कारखान्यात कामाला, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणी सांगितलं म्हणून नव्हे तर संशय आला म्हणून, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. नावाला हसू नये, ते वडिलांनी ठेवलंय.

१. घरातला माझा हिस्सा आई उमाबाईचा. मी कधी ट्रकवर क्लीनर, कधी हॉटेलात, मधी हैदराबादला कुठं होतो ते तिनं कधी विचारलं नाही.

२. मोटारसायकल बहीण रुद्राणीची. चुलतभाऊ परमेश्वरनं हात लावू नये. नारायणगडाच्या जत्रेला नेली न् आरसा फोडून आणली. वर म्हणतो, "आदीच फुटलेला व्हता."

३. आता मुद्दा. आमच्याकडं बी चाळतात, टरफल काढतात, वाफेवर शेकून दाबतात. बरंच तेल तिथंच निघतं. पेंडीत उरलेलं काढायला पेंड मोठ्या टाकीत हेक्झेननं धुतात. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा भाऊबंद. नंतर तापवून ते उडवतात, थंड करून परत वापरतात. तेल शुद्ध करायला जातं, पेंड जनावरांना. पण हेक्झेनची वाफ जड, टाकीच्या तळाला दबा धरून बसते. एक ठिणगी पुरते. म्हणून गेटवर काडीपेटी, मोबाईल काढून घेतात. आतली हत्यारं पितळी, लोखंडानं ठिणगी उडते म्हणून.

टाकी तुंबलीय. सुपरवायझर अमरसिंह म्हणाला, "सकाळी उतर, खरवडून काढ."

"मीटरनं वाफ तपासली का, साहेब?"

"मीटर दुरुस्तीला गेलंय. वास येतोय का तुला?"

पितळी खरवडणी सापडत नाही म्हणून लोखंडी दिली. आणि जाताना चारचौघांत मोठ्यानं, "कोरे, तू बिडी ओढतो ना बे?"

मी ओढत नाही. त्यानंच दिलेली दोनदा नाकारलीय. मग विचारलं कावून? टाकी पेटली तर कोणाच्या बिडीनं, हे त्यानं आजच ठरवलं असावं. तरी लिहून ठेवतो: मी तंबाखू खातो, बिडी नाही.

४. आमच्यात बसवून माती देतात, जाळत नाहीत. कारखान्यानं रीत मोडू नये.

५. (सही करताना वाढवलं.) बॉयलरवरचा गहिनीनाथ साक्षीला आला. वाचून म्हणाला, "मग जातो कावून?"

"न्हाई गेलो तर?"

"तर मला धाडील. आत्ताच मलाबी इचारलं त्यानं, बिडी ओढतो का म्हणून."

तेव्हा हे मी मेल्यावर वाचायचं नाही. उद्या पाळी सुरू होताना गेटवर, सगळ्यांसमोर, मी स्वतः मोठ्यानं वाचणार. मीटर येईपर्यंत आम्ही दोघं टाकीत उतरणार नाही.

सही: मृत्युंजय वैजिनाथ कोरे

साक्षीदार:
१. गहिनीनाथ, बॉयलर खाते
२. कौशल्याबाई, कँटीन (वाचताना मी शेजारी उभी राहीन.)

चौसाळा, जि. बीड
१८ मार्च २०२५