दोन वाट्या चवळी

शुक्रवार, ६ जून

दोन! डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवले — हा एक ठोका, हा दुसरा. मी घरी पोचेपर्यंत सासूबाईंनी चवळी चुलीवर चढवलीसुद्धा. माझ्या नवऱ्याच्या, लादीपोच्या, तोंडात तीळ भिजत नाही!

जुळ्यांना चवळी प्यारी. म्हणून आता दर शुक्रवारी ती शिजणार, गल्लीतली पोरं जेवणार, आणि दोन वाट्या पोटातल्यांच्या नावाने बाजूला. मी नावांचा विषय काढला तर सासूबाई हसल्याच. "आधी येईल तो तायवो, मागाहून येईल तो केहिंदे. अख्ख्या इबादान शहरात हेच चालतं. तू कोण मोठी लागून गेलीस?"

मंगळवार, १७ जून

दुपारी डोळा लागला. पामचं लाल तेल अंगणभर पसरलेलं, त्यात ऊन उतरलेलं, आणि दोन पोरं अनवाणी त्यातून चाललेली. पावलं उमटत होती, चेहरे दिसेनात. जाग आली तेव्हा सासूबाई कांदा पार काळा होईस्तोवर परतत होत्या. घरभर गोडसर धूर. उठावंसंच वाटेना.

गुरुवार, ३ जुलै

एकच.

"असं होतं कधीकधी. दुसरं बाळ छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लादीपो गाडीत रडला. मी नाही. सासूबाईंना इतक्यात सांगायचं नाही, असं ठरलं. कसं सांगू? त्यांनी दोन टोपडी विणायला घेतलीत.

शुक्रवार, ४ जुलै

आज चवळी मी करते म्हणाले. दाणे उकळत होते, मी वाफेकडे बघत बसले — वाटलं, कुणीतरी इवलंसं बाजाराच्या वाटेने चाललंय, मागे वळून बघत नाहीये. त्या तंद्रीत मीठ आधीच पडलं! दोन तास झाले तरी दाणे टणक.

सासूबाईंनी एक दाणा दातांत धरला. "मऊ व्हायच्या आत मीठ? पाच वर्षांत एकदा चुकली नाहीस." माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच — "एक गेला का गं?"

तेव्हा मात्र रडले. भडाभडा सगळं सांगितलं. म्हटलं, आता एकच वाटी भरा.

"एक का म्हणून? जुळ्यातला एक मेला, असं आपण म्हणत नाही. बाजाराला गेलाय म्हणतो. बाजारातून येणाऱ्याला भूक लागलेली असते." त्यांनी दोन्ही वाट्या भरल्या. सुकट जरा जास्तच घातली.

"आजी, हे शेंगदाणे आहेत का?" पोरांनी विचारलं. तरी पातेलं चाटूनपुसून साफ!

शुक्रवार, २९ ऑगस्ट

चवळी पुन्हा लोण्यासारखी मऊ होतेय. बाळ लाथा मारतं, मी हसते. पण एका गोष्टीने जीव तुटतो — हे बाळ आलं की सगळे एकच मोजतील. पहिल्याला नाव नाही, त्याला कुणी हाक मारणार नाही. मी एकटीच आठवत बसायचं?

गुरुवार, २२ जानेवारी

मुलगी. आज आठवा दिवस, नाव ठेवायचा. सासूबाईंनी तिला उचललं आणि भरल्या अंगणात खणखणीत आवाजात सांगितलं — "केहिंदे."

शेजारीण उठली आणि दुसरी वाटी भरू लागली.