साडेचौदा खांबांची भिंत

मी, सांडू रायभान मिसाळ, वय ५३, धंदा पेंटिंग, शिक्षण सातवी पास, राहणार भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरत नाही, अक्षर पाहून खात्री करून घ्यावी. मला कोणी शिकवले नाही, धमकावले नाही, पाजलेही नाही.

कारण सांगतो. गेल्या महिन्यात मी जालन्याला आठ दिवस दवाखान्यात होतो. तेवढ्यात धाकटा भाऊ बद्रीनाथ याने गवंडी आणून माझ्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर दुकानांसाठी खडूने दोन शटरच्या खुणा केल्या. माझी पत्नी सगुणाबाई म्हणाली, "भाऊजी, ते घरी येऊ द्या, मंग बोला."

तो म्हणाला, "वहिनी, दादा आल्यावर बोलूच देत न्हाई. म्हणून तर आता करून राह्यलो."

खुणा भिंतीवरच्या माझ्या चित्रातल्या चौथ्या आणि नवव्या खांबावरून गेल्या होत्या. त्यातली एक दुसरीपेक्षा पाऊण इंच खाली होती.

कलम १. सदर घर माझे स्वकष्टार्जित आहे. चतुःसीमा : पश्चिमेस पिठाची गिरणी, दक्षिणेस बोळ, उत्तरेस बद्रीनाथचे घर, पूर्वेस जालना रोड आणि रोडला तोंड करून सदर भिंत, लांबी बावीस फूट, उंची अकरा. भिंतीवर मिसर म्हणजे इजिप्त देशातले प्राचीन देऊळ मी १९८७ साली रंगवले आहे. हे घर माझ्या पश्चात माझी एकुलती एक मुलगी इंद्रायणी हिचे. सगुणाबाई हयात असेपर्यंत तिला तिथून कोणी हलवू नये. बँकेत जे काही आहे तेही सगुणाबाईचेच. पुतण्या असताना घर मुलीला कसे, असे जे विचारतील त्यांना उत्तर देण्यास मी तेव्हा नसेन, म्हणून आत्ताच देतो : माझी मर्जी.

कलम २. भिंत पाडू नये, फोडू नये, चुना देऊ नये. निवडणुकीत कोणत्याही पक्षाचे चिन्ह काढू देऊ नये. ती चिन्हे मी जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींवर काढली, तेवढी पुरेत. देवळावर कळस काढू नये. गल्लीतले चार जण आल्ते, म्हणाले, "पेंटर, देऊळ म्हणता अन् कळस न्हाई?" मी म्हणालो, फोटोत नाही.

कलम ३. फोटोचा खुलासा. शाळेचे हेडमास्तर रामराव यांनी नकाशे रंगवायला बोलावले, तेव्हा कपाटातल्या एका पुस्तकात तळहाताएवढा काळा-पांढरा फोटो सापडला. पुस्तक आठ दिवस घरी ठेवले. फोटोवर बारीक चौकटी पाडल्या, तेवढ्याच भिंतीवर पाडल्या आणि एकेक चौकट उचलली. फोटोत चौदा खांब पूर्ण आहेत. पंधरावा पानाच्या कडेला उभा कापला गेला आहे. मी तो तसाच अर्धा काढला. सगुणाबाई म्हणाली, "लोकं म्हणतील पेंटरचा रंग सरला." म्हणोत. जे पाहिले नाही ते मी काढत नाही.

कलम ४. दगडाचा रंग. फोटोत रंग नव्हता आणि भिंतीला तर द्यावाच लागतो. देवळाचा एकच दगड मी हात लावून पाहिलेला आहे, अन्वा गावच्या जुन्या देवळाचा. तो काळा दिला. सकाळच्या उन्हात त्यावर किंचित निळी झाक येते, तीही दिली. सात वर्षांनी चित्रकलेचे शिक्षक तातेराव आले. ते डिप्लोमावाले. रस्त्यावर उभे राहून हसले.

"पेंटर, तिकडचा दगड पिवळा असतो. वाळूसारखा."

"तुम्ही गेल्ते का, सर?"

"न्हाई. रंगीत फोटो हाय माझ्याकडं."

छपाईचा रंग मला माहीत आहे. कॅलेंडरावर पिकली केळी हिरवी निघतात. तरी तातेराव दर दिवाळीला येऊन तेच सांगतात. सबब, माझ्या पश्चात सुधारणा म्हणून कोणीही या दगडाला पिवळा हात मारू नये. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून तातेराव यांना काही देत नाही. नाहीतर पिवळ्या रंगाचा एक डबा काढून ठेवला होता.

कलम ५. भाऊ बद्रीनाथ यास माझी पाणसळ द्यावी. पुढच्या वेळी कोणाच्याही भिंतीवर खुणा करताना बुडबुडा बराबर मधोमध आहे ना, ते पाहावे. त्याच्यावर माझा याहून जास्त राग नाही.

कलम ६. शिडी, पाट्यांचे साचे आणि मोठे ब्रश विकावेत. खारीच्या केसांचा तीन नंबरचा ब्रश मात्र इंद्रायणीचा. तो कोणाला उसना देऊ नये.

कलम ७. अर्ध्या खांबापुढे अडीच हात भिंत कोरी आहे. ती विसरून राहिलेली नाही, सोडलेली आहे. इंद्रायणी जालन्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातल्या मुली परदेशातल्या नोकऱ्यांच्या गोष्टी करतात. ती कधी तिकडे गेली आणि पंधरावा खांब तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्याला हात लावला, घेर मोजला, तर परत येऊन तिने तो पूर्ण करावा. रंग तिने पाहिला तोच द्यावा. पिवळा असेल तर पिवळा. मात्र माझ्या अर्ध्याला हात लावू नये. एकाच खांबाचा अर्धा भाग काळा आणि अर्धा पिवळा दिसला तर दिसू द्यावा. तो बापाने न जाता काढला आणि लेकीने जाऊन, असे विचारणाऱ्याला सांगावे.

ती गेली नाही तर जागा कोरी राहील. काम चालू आहे असे समजावे, आणि चालू कामाची भिंत कोणी पाडत नसते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी हेडमास्तर रामराव यांनी करावी. पुस्तक त्यांच्या शाळेला मी वेळेवर परत केले होते, हे त्यांना आठवत असेल.

ठिकाण : भोकरदन, भिंतीसमोर खुर्ची टाकून
दिनांक : ९ फेब्रुवारी २००३, रविवार

सही : सां. रा. मिसाळ

साक्षीदार :
१. पुंजाराम गणपत सोनवणे, गिरणीवाले. वाचून दाखवले, ऐकले, सही केली.
२. तातेराव किसन देशमुख, चित्रकला शिक्षक. दगड पिवळाच असतो हे मत कायम ठेवून सही केली. भिंत पाडू नये, यास मात्र संमती आहे.